गल्ल्यावरचा ख्रिस्तोफर रॉबिन

'विनी-द-पू' मी वाचलं ते मोठेपणी, मुलीला झोपवताना. ती झोपून जायची, मी वाचत राहायचो. त्यातला ख्रिस्तोफर रॉबिन खराखुरा मुलगा होता हे कळलं तेव्हा वाटलं, काय नशीब काढलं पोरानं! मग त्यानंच लिहिलेलं आत्मकथन 'द एन्चान्टेड प्लेसेस' हाती आलं आणि नशिबाची भाषा बंद झाली.

जन्म १९२०चा. पहिल्या वाढदिवसाला लंडनच्या हॅरॉड्स या दुकानातून खेळण्यातलं अस्वल आलं, तेच पुढे गोष्टींतलं 'पू'. पूच्या गोष्टी लिहिणारे वडील ए. ए. मिल्न हे नावाजलेले नाटककार. घरात मुलाला 'बिली मून' म्हणत. 'मिल्न' म्हणता येईना म्हणून तो 'मून' म्हणायचा. जगाच्या तोंडी बसलेलं नाव घरात वापरातच नव्हतं! ससेक्समधलं कॉचफर्ड फार्म, जवळचं ॲशडाउनचं रान, ओढ्यावरचा लाकडी पूल हे मात्र सगळं खरं. मुलगा दिवसभर नॅनीजवळ. वडिलांना लहान मुलात रमणं जमत नसे. खेळता येईना म्हणून ते त्याच्याबद्दल लिहीत गेले, असं निदान त्यानं पुढे केलं. माझ्या मते, त्या पुस्तकांवर इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

पुस्तकं आली १९२६ आणि १९२८ साली. मग बोर्डिंग. स्टो शाळेत शेजारच्या खोलीतली पोरं 'व्हेस्पर्स' या कवितेची तबकडी मुद्दाम पुन्हा पुन्हा लावत. गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या चिमुकल्या ख्रिस्तोफर रॉबिनची ती वडिलांची कविता. थट्टेचा कंटाळा आल्यावर त्यांनी तबकडी त्याच्याच हाती दिली. त्यानं तिचे तुकडे तुकडे करून दूरच्या शेतात उधळले.

आपल्याकडे श्यामही खराच. पण 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात बसून स्वतः श्यामनंच लिहिली. काय सांगायचं, काय झाकायचं, ते त्याच्या हातात होतं. ख्रिस्तोफरला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे केंब्रिज, महायुद्ध. १९४४ साली इटलीत जखमी. परतल्यावर मनासारखं काम मिळेना. आपल्या इवल्या खांद्यांवर चढून वडील मोठे झाले, ही सल त्या बेकारीतली. १९४८ मध्ये मामेबहिणीशी लग्न केलं. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटणार नाही, पण त्याच्या आईचं आणि तिच्या त्या भावाचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

१९५१ मध्ये दोघांनी डेव्हनमधल्या डार्टमथ बंदरात पुस्तकांचं दुकान थाटलं. तुला धंद्याची आवड नाही, शिवाय पूचे भक्त रोज दारात येतील, असं आईनं बजावलं होतं. दुसरी गोष्ट खरी ठरली. काही गिऱ्हाइकं पुस्तकांपेक्षा दुकानदारालाच बघायला येत. लाजाळू, अडखळत बोलणारा माणूस, आणि लोक त्याच्यात सहा वर्षांचा मुलगा शोधताहेत! पण दुकान चाललं, नावारूपाला आलं. १९५६ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी मुलगी झाली, तिला सेरेब्रल पाल्सी. वडिलांच्या पुस्तकांचे पैसे नकोत म्हणणाऱ्या या माणसानं ते घेतले ते तिच्यासाठी.

१९७४ साली, चोपन्नाव्या वर्षी, त्यानं ते आत्मकथन लिहिलं. लिहून झाल्यावर वडिलांच्या आणि ख्रिस्तोफर रॉबिनच्या सावलीतून आपण उन्हात आलो, असं त्याला वाटलं. १९७९ मध्ये तो ओढ्यावरचा पूल नव्यानं बांधला, तेव्हा तो खुला करायला हा हजर होता. १९९६ मध्ये तो गेला.

ज्यांच्यावरून गोष्टींतली पात्रं आली ती खेळणी त्यानं जवळ ठेवली नाहीत. पू, पिग्लेट, ईयोर, टिगर आणि कांगा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काचेआड आहेत. कांगाचं पिल्लू रू तिथे नाही. ते १९३०च्या दशकात सफरचंदाच्या बागेत हरवलं, ते सापडलंच नाही.