कोर्टाची पायरी : तारीख चुकली आणि वॉरंट निघाले

शहागंजच्या मंडईत मी भाजीला जातो, तिथे एक जोडपे मेथी, शेपू आणि कोथिंबीर घेऊन बसलेले असते. करमाडकडचे शेतकरी. नवरा जुड्या सोडवून देतो, बायको पैशाचा हिशेब बघते. गेल्या महिन्यात लागोपाठ तीन खेपा ती बाई एकटीच दिसली. ओझे उतरवायला कोणी नाही आणि गिऱ्हाइकाकडे लक्ष नाही. तिसऱ्या खेपेला मी न राहवून विचारले, "मालक दिसत नाहीत, ताई? बरे आहेत ना?"

तिने आधी शेजारच्या पाटीवाल्याकडे पाहिले आणि मग हळूच म्हणाली, "काका, तुम्ही कोर्टात होता ना? घरी हवालदार आला व्हता. ह्यांच्या नावाचं वॉरंट हाय म्हणं. तवापासून हे नणंदेच्या गावी जाऊन बसलेत. कांदा लावायचा तसाच राहिला."

वाचकहो, माझी नोकरीची सगळी वर्षे कोर्टाच्या कारकुनीत गेली. खुनाच्या आरोपाखाली ताठ उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत आणि बांधावरच्या भांडणापायी वर्षभर उसात झोपणारी माणसेही पाहिली आहेत. दुसऱ्या प्रकारची माणसे आपल्यात फार. म्हणून आज हाच विषय घेतो.

त्या बाईची हकिकत अशी. २०१७ साली बांधावरून चुलतभावाशी मारामारी झाली. दोन्हीकडून फिर्यादी झाल्या. तिच्या भावाने सातबारा देऊन नवऱ्याला जामीन दिला. पहिली दोन वर्षे तारखा नीट झाल्या. मग वकीलसाहेब म्हणाले, "आता तुम्ही नाही आलात तरी चालेल, मी बघतो." पुढे त्यांचा फोन लागेना. सासूबाई आजारी पडल्या, एक तारीख चुकली, मग दुसरी चुकली. दोन चुकल्यावर तिसरीला जायची भीती वाटू लागली. आता गेलो तर आत टाकतील, असे मनाने घेतले. इथेच सारे बिघडते. पहिली तारीख अडचणीने चुकते, पुढच्या भीतीने चुकतात.

कोर्टात काय होते ते सांगतो. शिपाई पुकारा करतो, आरोपी हजर नसतो, वकिलाचा हजेरी माफीचा अर्जही नसतो. न्यायाधीश रोजनाम्यात तसे लिहून वॉरंट काढतात. साधारणपणे आधी जामीनपात्र वॉरंट निघते. त्यावर रक्कम लिहिलेली असते. तेवढ्या रकमेचा मुचलका आणि सांगितलेला जामीनदार दिला की पोलीसच सोडतात आणि अमुक तारखेला हजर राहा म्हणून बजावतात. त्यालाही दाद दिली नाही तर अजामीनपात्र वॉरंट निघते, आपण ज्याला पकड वॉरंट म्हणतो ते. उठसूट पकड वॉरंट काढू नये, आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट अशी पायरी ठेवावी, असे सुप्रीम कोर्टाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी यांच्या खटल्यात सांगितले आहे. पण जामिनावर सुटलेला माणूस सांगून-सवरून येत नसेल, तर कोर्टाकडे दुसरा इलाज उरत नाही.

आता नीट लक्षात ठेवा. वॉरंटाला मुदत नसते. ते बजावले जाईपर्यंत, किंवा ज्या कोर्टाने काढले त्याच कोर्टाने रद्द करीपर्यंत, जिवंत राहते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हेच आहे. देशात कुठेही ते बजावता येते. म्हणजे नणंदेचे गाव काय अन् सुरत काय, वॉरंटाला सारखेच. ठाण्यातला जमादार ते रद्द करू शकत नाही, सरपंच नाही, आमदारही नाही. "चहापाण्याचे बघा, माणूस मिळाला नाही असे लिहून परत पाठवतो," असे कोणी सुचवले तर त्याच्या नादी लागू नका. तो आपल्यावर उपकार करीत नाही. "आरोपी मिळून येत नाही" असा अहवाल गेला की कोर्टाला जाहीरनामा काढता येतो. निदान तीस दिवसांची मुदत देऊन तो गावात वाचून दाखवतात, घरावर चिकटवतात आणि पुढे जमीनजुमला जप्त करण्यापर्यंत पाळी येते. बांधाच्या एका हातासाठी सुरू झालेले भांडण शेवटी सातबाऱ्यावर येऊन बसते.

बाईला मी विचारले, "जुने कागद आहेत का घरी?" म्हणाली, "पत्र्याच्या पेटीत हायेत." दुसऱ्या खेपेला पिशवी घेऊन आली. त्यात दोषारोपपत्राची नक्कल निघाली आणि तिच्यावर गुन्हा रजिस्टर नंबर व खटल्याचा नंबर होता. हे दोन आकडे म्हणजे कोर्टातली आपली ओळख. आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. अशी अक्षरे, मग आकडा, मग साल. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनीही घाबरू नये. ई-कोर्ट्स नावाची सरकारी सेवा आहे, मोबाइलवरही चालते. तिच्यात जिल्हा आणि कोर्ट निवडून नावावरून, खटल्याच्या नंबरावरून किंवा पोलीस ठाणे व गुन्ह्याच्या नंबरावरून शोध घेता येतो. नाव मात्र दोन-तीन तऱ्हेने लिहून पाहावे, कारण इंग्रजी अक्षरांत आपल्या नावांची फार ओढाताण होते. खटला सापडला की सोळा अक्षरी सी.एन.आर. नंबर दिसतो, तो वहीत उतरवून ठेवावा. पुढची तारीख आणि खटला कोणत्या टप्प्यावर आहे तेही तिथे कळते. घरात कॉलेजात जाणारे पोर असेल तर हे काम पाच मिनिटांचे आहे. नसेल तर कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात जावे.

माझा स्वतःचा भरवसा अजून रोजनाम्यावर. बाईला घेऊन मी अदालत रोडला गेलो. (निजामाच्या राज्यात इथल्या कोर्टाची भाषा उर्दू होती. राज्य जाऊन पंचाहत्तर वर्षे उलटली तरी रस्त्याचे नाव अदालत रोडच राहिले. जामीन, मुचलका, अर्ज, वकील हे शब्दही तसेच राहिले.) फार वर्षे आरोपी सापडला नाही की खटला डॉर्मंट फाइलवर टाकतात, म्हणजे तो झोपवून ठेवतात. संपला असे नव्हे. आमचा खटला अजून चालू बोर्डावर होता. बेंच क्लार्कने रोजनामा पाहून सांगितले : अजामीनपात्र वॉरंट, आणि जामीनदाराला नोटीस.

ही नोटीस ऐकून बाई मटकन बाकावर बसली. नवऱ्याच्या वॉरंटापेक्षा भावाच्या नोटिशीने ती जास्त हबकली, आणि ते बरोबरच होते. आरोपी येत नसेल तर जामीनदाराने लिहून दिलेली रक्कम दंड म्हणून त्याच्याकडून का वसूल करू नये, असे कोर्ट विचारते. नवरा लपला होता, पण सातबारा मेहुण्याचा अडकला होता. भाऊबीजेला माहेरी कोणत्या तोंडाने जायचे, हा तिचा प्रश्न. "काका, हे आता त्यांना सांगतेच," म्हणाली. माझ्या चार उपदेशांनी जे झाले नसते ते त्या नोटिशीने केले. नवरा दुसऱ्याच रात्री घरी आला.

आता पुढचे काम कसे करावे ते सांगतो. स्वतःहून जावे, आणि सोमवार-मंगळवार धरून जावे. शुक्रवारी दुपारी नको. कारण काही अडलेच तर मध्ये सुट्ट्या येतात. अकराच्या आत कोर्टात असावे. वकील नवा केला असेल तर वकीलपत्र आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज सोबत द्यावा. अर्जात खरे कारण लिहावे, आणि कारणाचा कागद जोडावा. दवाखान्याची चिठ्ठी, मृत्यूचा दाखला, जे असेल ते. खोटे सर्टिफिकेट जोडू नये, न्यायाधीश रोज तेच बघत असतात. नवा जामीनदार सोबत न्यावा, त्याचा सातबारा, आधार आणि रेशन कार्ड घेऊन. कोर्ट बहुधा समज देते, थोडा दंड करते, नवा मुचलका घेते आणि वॉरंट रद्द करते. बहुधा म्हणतो, नेहमी नव्हे. गुन्हा मोठा असेल, किंवा माणूस वर्षानुवर्षे दडून राहिला असेल, तर कोठडीत पाठवून मग जामिनाचा अर्ज ऐकतात. म्हणून निघताना चार दिवस जनावरांच्या चाऱ्यापाण्याची सोय लावून निघावे. औषधे चालू असतील तर ती चिठ्ठीसह खिशात ठेवावी. खालच्या कोर्टाने ऐकले नाही तर वर सत्र न्यायालय आहे, आणि १९८१ पासून हायकोर्टाचे खंडपीठही याच शहरात आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांना उत्पन्नाची अटसुद्धा नाही. कचेरी कोर्टातच असते, फोन १५१००.

मोठ्या माणसांची वॉरंटेही याच रीतीने सुटतात. २००८ साली परळीजवळ धर्मापुरी येथे एस.टी.वर दगडफेक झाली, त्या खटल्यात तारखांना गैरहजर राहिल्यामुळे राज ठाकरे यांच्यावर परळीच्या कोर्टाने वॉरंट काढले होते. जानेवारी २०२३ मध्ये ते स्वतः परळीला हजर झाले, पाचशे रुपये दंड होऊन वॉरंट रद्द झाले. अंतरवाली सराटीचे मनोज जरांगे पाटील यांच्यावर २०१३ च्या नाट्यप्रयोगाच्या पैशांच्या खटल्यात पुण्याच्या कोर्टाने वॉरंट काढले. मे २०२४ अखेर ते हजर झाले, तिथेही पाचशे रुपये दंड आणि वॉरंट रद्द. मग पुढची तारीख चुकली. जुलैत पुन्हा वॉरंट, ऑगस्टमध्ये पुन्हा पुण्याची वारी. वॉरंट रद्द झाले म्हणजे खटला संपला असे कोणी समजू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

घरी पोलीस आले तर घरच्या बायाबापड्यांनी काय करावे? वॉरंट दाखवा म्हणावे, तो आपला हक्क आहे. त्यावर कोर्टाचा शिक्का आणि न्यायाधीशांची सही असते. खटल्याचा नंबर टिपून घ्यावा. नवरा सापडत नाही म्हणून बायकोला किंवा भावाला ठाण्यात नेऊन बसवणे कायद्यात कुठेही नाही. वॉरंट बाईच्याच नावाचे असले तरी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी तिला अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची झाली तर महिला पोलीस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे नेले पाहिजे.

हल्ली फोनवर गणवेशातला माणूस दिसतो, वॉरंटाचा कागद दाखवतो आणि पैसे भरा म्हणतो. वॉरंट फोनवर पैसे भरून रद्द होत नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा आणि १९३० वर कळवावे.

ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी किंवा खताच्या उधारीसाठी कोरे चेक देऊन बसलेल्या शेतकऱ्यांनी वेगळे सावध राहावे. चेक परत गेल्याचा खटला जिथे चालतो ते कोर्ट कधीकधी दुसऱ्याच जिल्ह्यात असते. तिकडचे समन्स "घर बंद" म्हणून परत जाते आणि घरी पहिला कागद येतो तो वॉरंटाचा. हा गुन्हा जामीनपात्र आहे, हजर झाल्यावर जामीन हक्काने मिळतो. पुढे लोक अदालतीत तडजोडही होते. पण दुकानदाराशी परस्पर मिटवले आणि कोर्टात गेलाच नाहीत, तर वॉरंट तसेच राहते.

शहागंजच्या त्या गृहस्थांना दंड झाला, नवा मुचलका झाला, वॉरंट रद्द झाले. मेहुण्याच्या नोटिशीचा निकाल पुढच्या तारखेला आहे. कोर्टातून निघताना ते मला म्हणाले, "काका, तीन वर्षं म्या कशाला भ्यालो?" कांदा महिनाभर उशिराने लागला, त्याचे काय होते ते बघायचे.

जामीन राहण्यापूर्वी सातबारा देणाऱ्याने काय विचारून घ्यावे, आणि जामिनातून मोकळे कसे व्हावे, हे पुढील अंकी.