चौथा ग्लास

थर्टी फर्स्टच्या बुकिंगचे फोन सुरू झाले आहेत. चखण्याचा माल भरला, जादा पोरं कामावर घेतली. गिऱ्हाइकाचं वय कोण विचारणार, हे मात्र बहुतेक परमिट रूममध्ये अजून ठरलेलं नाही.

नियम आपल्याला पाठ आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, व्हिस्की-रमला आणि देशीलाही २५. एकाच टेबलावर हे दोन आकडे सांभाळताना कॅप्टनच्या नाकी नऊ येतात. १८ व्या वर्षी मत देणारा, २१ व्या वर्षी बोहल्यावर चढणारा तरुण २४ व्या वर्षी पेग मागू शकत नाही, हे आमच्याही गळी उतरत नाही. वय सरसकट २१ करा, ही मागणी रास्तच आहे. पण ती घेऊन मंत्रालयात गेलात, तर आधी कल्याणीनगरचं विचारतील.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शने दुचाकीवरच्या दोघांचा जीव घेतला. अपघाताआधी त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून बारच्या मालक-व्यवस्थापकांना अटक झाली. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ मध्ये यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

एरवी घडतं ते असं. चौघे येतात. तिघे कार्ड दाखवतात, चौथ्याचं पाकीट गाडीत राहिलेलं असतं. ऑर्डर तिघांची, ग्लास मात्र चार. वेटरला सगळं दिसतं. पण नाही म्हटलं तर टिप बुडते आणि आवाज चढला की शेठ त्यालाच झापतो. एक दिवसाचा परवाना गिऱ्हाइकाचं वय पाहून फाडायचा, तो कित्येक ठिकाणी महिनाअखेरीस गठ्ठ्याने भरला जातो. (कुणाच्या नावाने, ते विचारू नये.)

तेव्हा नकाराचा अधिकार वेटरला द्या आणि बुडालेल्या बिलाचा राग त्याच्यावर काढू नका. मोबाइलमधला कार्डाचा फोटो चालवून घेऊ नका. डिजिलॉकर समोर उघडायला सांगा. परवान्याचं पुस्तक गल्ल्यातून काढून दाराशी ठेवा, जन्मतारीख तिथेच बघा. दोन-चार टेबलं उठून शेजारच्या बारमध्ये जातील. म्हणून शेजाऱ्यालाही संघटनेच्या याच महिन्याच्या बैठकीला बोलवा.