टीव्हीवर भांडण रंगतं, पण दवाखान्याचा हिशेब कोण देणार?

शिरूर/दौंड : सरकारी दवाखान्यात काही वाईट घडलं की संध्याकाळी टीव्हीवर चार पक्षांचे चार प्रवक्ते बसतात. "तुमच्या काळात काय झालं?" असं एक विचारतो, दुसरा त्याच्यावर आवाज चढवतो. तासाभरानं चर्चा संपते आणि बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

नांदेडला हेच झालं. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ अर्भकं होती. ३ ऑक्टोबरला तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. ती क्लिप गावोगाव फिरली आणि वाद त्याच्यावरच रंगला. औषधं पुरेशी होती का, किती पदं रिकामी होती, हे मागं पडलं. शेवटी मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांचा हिशेब मागितला आणि औषध खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य अधिकारी नेमायला सांगितलं.

तीन दारं, तीन मालक

पुढाऱ्यांना टोलवाटोलवी का जमते, याचं कारण व्यवस्थेतच आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं. न्हावरे, यवतचं ग्रामीण रुग्णालय, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडं. आणि पेशंट पुण्याला पाठवला तर ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडं. मंत्री वेगळे, बजेट वेगळं. १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, ते आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. ससूनसारखी रुग्णालयं त्यात नव्हती. टीव्हीवर मात्र 'सगळं मोफत' एवढंच ऐकू येतं.

त्यात मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं पुणे जिल्हा परिषदेवर प्रशासक होता. आरोग्य केंद्राला कुलूप दिसलं तर जाब विचारायला गटाचा सदस्यच नव्हता.

शब्द कुठं दिला, याला किंमत

टीव्हीवर दिलेला शब्द कुणालाही बांधत नाही. तोच शब्द मंत्र्यानं विधानसभेत दिला, तर तो आश्वासन समितीकडं जातो आणि पूर्ण झाला का, याचा पाठपुरावा होतो. म्हणून तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी हे आमदाराचं खरं हत्यार आहे. सत्ताधारी आमदारालाही ते वापरता येतं.

शिरूरला आमदार ज्ञानेश्वर (माउली) कटके, दौंडला राहुल कुल. शिरूर तालुक्यातली ३९ गावं आंबेगाव मतदारसंघात, तिथं दिलीप वळसे पाटील. मतदारानं आधी आपलं दार ओळखावं आणि तिथं मोघम नाही, मोजता येईल असं विचारावं :

– रात्री उसाला पाणी देताना साप चावला, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर हजर असेल का? लस शिल्लक आहे का?
– मंजूर पदं किती, भरलेली किती, बाकीची कोणत्या तारखेपर्यंत भरणार?
– महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ठरावीक यादीतले. तालुक्यातल्या कोणत्या दवाखान्यात ही योजना चालते?

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये राज्यांनी २०२० पर्यंत बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करावा, असं ठरलं होतं. महाराष्ट्र त्या आकड्यापासून लांबच राहिला आणि या काळात सगळेच मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत होते. म्हणून 'तुमचं सरकार, आमचं सरकार' हे उत्तर कुणाच्याच तोंडी शोभत नाही.

पुढारी गावात आला की हार घालायच्या आधी हे प्रश्न कागदावर लिहून द्यावेत, पोच घ्यावी आणि अधिवेशन संपल्यावर सभागृहात काय विचारलं, ते मागावं. ग्रामसभेतही हे प्रश्न ठरावात घेता येतात. ठरावाला तारीख असते, आणि टोलवाटोलवी तारखेपुढं फार दिवस टिकत नाही.