सर्वांत लहान नाट्यगृह

स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या ‘आइल ऑफ मल’ या बेटावर, डर्वेग गावात, बॅरी व मॅरियन हेस्केथ या नटदांपत्याने १९६६ साली एका जुन्या गोठ्यात नाट्यगृह उघडले. खुर्च्या जेमतेम चाळीस. जगातील सर्वांत लहान व्यावसायिक नाट्यगृह म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली, आणि कौतुक करणारे बहुधा तेथेच थांबतात. तेथे नाटक काय होत असे, हे विचारतो कोण?

या कौतुकाचा मला राग आहे. कारण आकाराचे नवल करणारी हीच नजर अनुदानाच्या वेळी आकारालाच गुन्हा ठरवते. मूठभर लोकांसाठी रंगमंच कशाला, म्हणे! हिशेबच हवा ना? मग पुरता मांडू. २०११च्या जनगणनेत बेटाची वस्ती सुमारे २,८००. चाळीस प्रेक्षक म्हणजे सत्तरांतला एक. याच प्रमाणात सहा लाखांच्या ग्लासगोत एका रात्री साडेआठ हजार माणसे नाटकाला यावी लागतील.

खर्चाची गोष्ट निराळी. वादळाने ओबनची बोट रद्द झाली की पाहुणा नटसंच अडकतो, मुक्काम वाढतो. तिकीट मात्र वाढवता येत नाही, कारण हिवाळ्यात प्रेक्षक तेच, शेजारचेच. २००८मध्ये टोबरमोरीजवळ ड्रुमफिन येथे नवी वास्तू झाली, २०१३मध्ये टोबरमोरीच्या ‘अन टोबर’ कलाकेंद्राशी एकत्रीकरणही झाले. एकत्रीकरणाने कचेरीतले कागद कमी होत असतील, समुद्र अरुंद होत नाही. अनुदान देणाऱ्यांनी विकलेली तिकिटे मोजणे सोडावे आणि नोव्हेंबर ते मार्च किती रात्री पडदा उघडला ते विचारावे.