खेळ पाहावा कीं खेळणारी?

खेळ विकावा लागतो, हें आम्हांस मान्य आहे. मैदान बांधण्यास पैसा लागतो, दिवे लावण्यास लागतो, खेळाडूंच्या प्रवासास, वैद्यास व शिक्षकास लागतो. आणि तो तिकिटांतून, प्रक्षेपणाच्या हक्कांतून व जाहिरातींतूनच यावयाचा, हें न कळण्याइतके आम्ही पोथीपंडित नाहीं. आमचा वाद विक्रीशीं नाहीं. विक्रीस काय मांडलें जातें, याविषयीं आहे. पुरुषांचा खेळ विकतांना दुकानदार खेळ मांडतो. स्त्रियांचा खेळ विकतांना तोच दुकानदार खेळणारीचा चेहरा, केस व पोशाख मांडतो; आणि गिऱ्हाईक चेहरा पाहून निघून गेलें कीं, ‘बायकांच्या खेळाला गिऱ्हाईक नाहीं’ असा निकाल देऊन मोकळा होतो. हा निकाल खोटा आहे, आणि त्याच्या खोटेपणाचा पुरावा आमच्या मावळांतच पडलेला आहे.

लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलनें तळेगांव, घोरावाडी व बेगडेवाडी हीं स्टेशनें मागें टाकलीं कीं देहू रोड येतें. तेथून जवळच, द्रुतगती मार्गाच्या कडेस, मावळ तालुक्यांतील गहुंजे या गांवीं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचें भव्य मैदान आहे. २०१२ सालापासून तेथें मोठमोठे सामने होत आले. परंतु त्या मैदानाची आम्हांस मुख्य आठवण आहे ती २०२२ च्या मे महिन्याची. त्या महिन्याच्या २३ ते २८ तारखांच्या दरम्यान तेथें स्त्रियांच्या तीन संघांचे चार सामने झाले. तारखा कशा ठरविल्या होत्या हें पाहण्यासारखें आहे: पुरुषांच्या आयपीएलचे अखेरचे सामने कलकत्ता व अहमदाबाद येथें चालले होते, आणि त्यांच्या सांदींत हे चार बसविले होते. पाहुण्यांची पंगत उठल्यावर घरच्या बायकांचीं पानें मांडावींत, तसा प्रकार.

२६ मेच्या संध्याकाळीं आम्ही प्रेक्षकांत होतों. आमच्या मागच्या बांकावर महाविद्यालयीन वयाचे दोन तरुण बसले होते. पहिला तासभर त्यांचें संभाषण कोणती खेळाडू ‘दिसायला कशी’ याच विषयावर चाललें होतें, आणि त्याबद्दल त्यांस आम्ही फारसा दोष देत नाहीं. कारण त्यांस तेवढेंच शिकविण्यांत आलें होतें. मग १९१ धांवांचा पाठलाग सुरू झाला आणि किरण नवगिरे फळी घेऊन उतरल्या. सोलापूर जिल्ह्यांतील एका खेड्यांतून आलेली, आधीं भालाफेक व गोळाफेक करणारी, त्या वर्षीं नागालँडकडून खेळलेली ही मुलगी कोणत्याही जाहिरातफलकावर नव्हती. तिनें २५ चेंडूंत अर्धशतक पुरें केलें व ३४ चेंडूंत ६९ धांवा काढल्या. मागच्या बांकावरील संभाषण बदललें. आतां प्रश्न होता, तिला चेंडू आंखूड टाकावा कीं पायाशीं? तिच्या संघाचा १६ धांवांनीं पराभव झाला, तरी निव्वळ धांवगतीच्या बळावर तो अंतिम सामन्यांत गेला, आणि हें गणित त्या दोघांनीं आम्हांस अगदीं तोंडी करून दाखविलें. त्याच संघांत सिन्नरची माया सोनवणे होती. चेंडू टाकतांना तिची मान अशी कांहीं खालीं जाई, कीं तिला फलंदाज दिसतो तरी कसा, यावर आमच्या आजूबाजूस दहा मिनिटें खल झाला. खेळ दाखविला कीं लोक खेळ पाहतात. इतकी साधी ही गोष्ट आहे.

मग ती करीत कां नाहींत? आमच्या मतें, करण्याची इच्छाच नव्हती. एक लहानशी खूण सांगतों: संघांचीं नांवें पाहा. पुरुषांच्या कबड्डीस पुणेरी पलटण, पाटणा पायरेट्स, बंगाल वॉरियर्स अशीं नांवें मिळालीं. त्यांत गांव आहे आणि लढाई आहे. २०१६ सालीं त्याच स्पर्धेच्या जोडीस स्त्रियांची स्पर्धा भरविण्यांत आली, तेव्हां तिच्यांतील तीन संघांचीं नांवें होतीं फायर बर्ड्स, स्टॉर्म क्वीन्स आणि आइस दिवाज. एकांत पक्षीण, दुसऱ्यांत राणी, तिसऱ्यांत रूपगर्विता नटी. गांव कोठेंच नाहीं. अर्जुन पुरस्कार मिळविलेल्या अभिलाषा म्हात्रे या त्या बर्फाळ नट्यांच्या कप्तान! गहुंजे येथें खेळलेले संघ सुपरनोव्हाज, ट्रेलब्लेझर्स व व्हेलॉसिटी या नांवांचे होते. तेथें निदान नटी नव्हती, पण गांवही नव्हतें. प्रेक्षक भांडतो तो आपल्या गांवासाठीं. पुण्याच्या माणसानें ‘व्हेलॉसिटी’साठीं मुंबईच्या माणसाशीं कसें भांडावें? २०२३ सालीं स्त्रियांची स्वतंत्र प्रीमियर लीग निघाली, तेव्हां कुठें संघांस मुंबई, दिल्ली, बंगळूर हीं नांवें लागलीं, आणि पहिल्या पांच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ९५१ कोटींस गेले. जो माल विकत नाहीं म्हणून सांगत होते, तो हाच.

दुसरी खूण वेळेची. २०१८ च्या २२ मे रोजीं वानखेडे मैदानावर स्त्रियांचा पहिला प्रदर्शनीय सामना ठेवला, तो दुपारीं दोन वाजतां. मे महिन्यांतील मुंबईची दुपार! सामना शेवटच्या चेंडूपर्यंत रंगला. पाहावयास माणसें फार थोडीं होतीं. भर उन्हांत दुकान उघडावयाचें, संध्याकाळ झाली कीं बंद करावयाचें, आणि मग बाजार मंदा म्हणून कपाळाला हात लावावयाचा!

वर्तमानपत्रांची तऱ्हा याहून वेगळी नाहीं. सांगलीच्या स्मृति मानधना यांस २०२३ च्या लिलावांत ३ कोटि ४० लक्ष रुपये, म्हणजे त्या लिलावांतील सर्वांत मोठी रक्कम, मिळाली ती त्यांच्या डावखुऱ्या फलंदाजीबद्दल. पण त्यांच्या नांवामागें ‘नॅशनल क्रश’ ही पदवी लावल्यावांचून कित्येकांची लेखणी पुढें सरकत नव्हती. २०१७ च्या विश्वचषकापूर्वीं मिताली राज यांस, तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण, असें विचारण्यांत आलें. पुरुष खेळाडूस त्याची आवडती स्त्री खेळाडू कोण हें तुम्ही कधीं विचारतां काय, असा त्यांनीं उलट प्रश्न केला. त्याचें उत्तर अद्याप कोणीं दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

हा रोग केवळ आमच्याकडचा आहे असें मात्र समजूं नये. जागतिक फुटबॉल संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनीं २००४ सालीं स्त्रियांनीं अधिक तंग चड्ड्या घालाव्या अशी सूचना केली होती. २०११ सालीं बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेनें वरच्या श्रेणीच्या सामन्यांत स्त्रियांनीं स्कर्टच घातला पाहिजे असा नियम काढला; खेळ आकर्षक दिसावा हें कारण त्यांनीं उघडपणें दिलें, आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षीं तो सोडून दिला. २०२१ सालीं नॉर्वेच्या वाळूवरील हँडबॉल संघास बिकिनीऐवजीं आंखूड चड्डी घातल्याबद्दल १५०० युरो दंड झाला. पुरुष त्याच वाळूवर सैल चड्डी घालून खेळत होते. त्यांच्या मांड्यांवांचून कोणाचें अडलें नाहीं.

येथें आमचे कांहीं सोंवळे मित्र टाळ्या पिटूं लागतील, म्हणून त्यांच्याकडेही वळणें भाग आहे. त्यांचा उपाय सोपा: अंग झांकलें कीं झालें. सानिया मिर्झा यांच्या स्कर्टावर २००५ सालीं आक्षेप निघाले ते याच वृत्तीचे. आयपीएलच्या पहिल्या वर्षीं, २००८ सालीं, चिअरलीडर नर्तिकांवर बंदी घालण्याची मागणी महाराष्ट्रांत झाली. मग २०११ सालीं पुण्याच्या संघानें तोड काढली: परदेशी नर्तिकांच्या जागीं भारतीय नृत्यवेशांतील मुली उभ्या केल्या. संस्कृतीचें रक्षण झालें म्हणून पुष्कळांस समाधान वाटलें. आम्हांस मात्र फरक दिसला नाहीं. पुरुष खेळतात आणि बायका सीमारेषेवर उभ्या राहून त्यांच्या चौकाराबद्दल नाचतात, हा देखावा स्कर्टांत जितका अपमानाचा, तितकाच जरीच्या कांठांतही. एक जण कापड कमी करा म्हणतो, दुसरा वाढवा म्हणतो. दोघांचेही डोळे कापडावरच. १९७३ सालीं, जेव्हां स्त्रियांची पहिली आंतरराज्य क्रिकेटस्पर्धा पुण्यास अवघ्या तीन संघांत झाली, त्याच सुमारास लखनौस मुलींच्या सामन्याची दवंडी पिटली असतां बघ्यांनीं पहिला प्रश्न केला तो, मुली स्कर्ट घालणार कीं पाटलोण, हा. अर्धशतक लोटलें तरी तो प्रश्न म्हातारा होत नाहीं.

शरीराकडे पाहण्याची तिसरी रीत आहे, आणि ती शिकण्यास आम्हां मावळकरांस दूर जाण्याचें कारण नाहीं. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें, तें आसनें व प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो हें यंत्रांनीं मोजून पाहण्यासाठीं. हें शरीर काय करूं शकतें, असा त्या प्रयोगशाळेचा प्रश्न होता; तें कसें दिसतें, हा नव्हे. आज त्याच लोणावळ्याच्या वाटेवर बंगल्यांच्या व विश्रामगृहांच्या जाहिरातींत योगासन पाहावें, तर कड्याच्या टोंकावर एक सडपातळ तरुणी डोळे मिटून बसलेली असते, आणि आसनाकडे चित्रकाराचें इतकें कमी लक्ष असतें कीं पाय कोणता कोठें आहे हें समजत नाहीं. २०२० सालीं केंद्र सरकारनें योगासनांस स्पर्धेचा खेळ म्हणून मान्यता दिली. उद्यां त्या स्पर्धांचीं तिकिटें निघतील, तेव्हां फलकावर आसन येतें कीं तरुणी, हें आम्ही पाहणार आहों.

एक आक्षेप उरतो, आणि तो खरोखर विचार करण्याजोगा आहे. खेळाडू स्वतःच नटून जाहिराती करतात, त्यांस त्याचे पैसे मिळतात. मग तुम्हांस काय त्याचें? आमचें उत्तर असें कीं, नटण्याचा हक्क प्रत्येकीस आहे, आणि पैसा मिळविण्याचा तर आहेच. २०२२ च्या ऑक्टोबरांत नियामक मंडळानें सामन्याचें मानधन पुरुषांच्या बरोबरीचें करीपर्यंत त्यांस तो कुठून मिळावयाचा होता? विराट कोहलीही साबण व कपडे विकतो. पण त्याचें शतक आधीं दाखविलें जातें आणि दाढी मागाहून. येथें शतक दाखविण्यापूर्वींच चेहरा मागतात, आणि जिचा चेहरा त्यांच्या मापाचा नाहीं तिचें शतक कपाटांत राहतें. २०२५ च्या २ नोव्हेंबरास नव्या मुंबईंत विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळें दोन तास उशिरा सुरू झाला, मध्यरात्र उलटल्यावर संपला, आणि भरलेलें मैदान हाललें नाहीं. शफाली वर्मा यांच्या ८७ धांवा व दीप्ति शर्मा यांचे पांच बळी पाहण्यास तीं माणसें बसलीं होतीं. भारतानें ५२ धांवांनीं सामना जिंकला.

आतां इतरांस एवढें बोलल्यावर स्वतःचें सांगितलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवीत होतों, तेथें जिमखाना समितीवर होतों. नव्या माहितीपत्रकासाठीं दोन छायाचित्रें समितीपुढें आलीं. एकांत आमची जलदगती गोलंदाज चेंडू सोडण्याच्या क्षणीं टिपलेली होती: तोंड वेडेंवांकडें, केस कपाळास चिकटलेले, गुडघ्यास माती. ही मुलगी कामशेतहून पहांटेच्या लोकलनें सरावास येई. दुसऱ्यांत एक सुंदर मुलगी स्वच्छ गणवेश घालून, चेंडू गालाशीं धरून हंसत होती. ती क्रिकेटच काय, कोणताही खेळ खेळत नसे. समितीनें दुसरें छायाचित्र पसंत केलें. पालकांस बरें वाटेल, असें कारण कोणी तरी दिलें. आम्हीं हात वर केला नाहीं. विषय किरकोळ वाटला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें चित्र अधिक नीटनेटकें दिसलें. माहितीपत्रक छापून आल्यावर ती गोलंदाज आमच्याकडे आली, पानावर बोट ठेवून म्हणाली, “सर, ही कोण? आमच्या संघांत तर नाहीं.” आम्हीं छपाईच्या घाईचें कांहींतरी निमित्त सांगितलें. तिनें मान डोलावली. पुढच्या हंगामांत ती सरावास आली नाहीं. घरचे पाठवीत नाहींत, असें मैत्रिणीकडून कळलें. एका छायाचित्रामुळें तसें झालें असें म्हणण्याइतका आमच्याजवळ पुरावा नाहीं. परंतु मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली कीं मावळांतील आईबाप तिला मैदानावरून घरीं नेतात, तें मैदानावर तिच्या खेळाकडे कोणी पाहत नाहीं आणि तिच्याकडे मात्र सर्व पाहतात, या भीतीनें. आणि ती भीति निर्माण करणाऱ्यांत त्या दिवशीं हात खालीं ठेवून बसलेले आम्हीही होतों.

त्या महाविद्यालयाच्या जिमखान्यास आम्हीं नुकतेंच एक पत्र धाडलें आहे. त्यांत एवढीच विनंती केली आहे कीं, यापुढें माहितीपत्रकावर जिचें छायाचित्र छापावयाचें, तिनें त्या वर्षीं निदान एक सामना खेळलेला असावा, आणि चित्राखालीं तिचें नांव व तिनें घेतलेले बळी किंवा काढलेल्या धांवा छापाव्या. उत्तर यावयाचें आहे.