थंडीत निळा, उबेत पिवळा

तांब्याचा रंग कोणता, असे आम्ही वर्गात विचारले की उत्तर ठरलेले: तांबूस! पण त्याच तांब्याचे काही अणू आयोडीनशी बांधले गेले, तर ते उबेत पिवळा आणि कडाक्याच्या थंडीत निळा प्रकाश देतात. या महिन्यात त्यांची ओळख करून घेऊ.

चौकोनी ठोकळ्याला आठ कोपरे असतात. त्यांवर तांब्याचे चार आणि आयोडीनचे चार अणू आलटूनपालटून बसवा. प्रत्येक तांब्याला बाहेरून पिरिडीनचा एक रेणू जोडा. धातूच्या अणूंच्या अशा जुडग्याला ‘क्लस्टर’ म्हणतात. नोटा तपासायच्या दिव्यासारखा अतिनील प्रकाश त्यावर पाडला की ते पिवळे चमकते. उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवले की निळे. बाहेर काढले की पुन्हा पिवळे! हार्ट आणि पिएर या संशोधकांनी 1973 मध्ये याविषयी लिहिले.

असे का होते? जिना आठवा. अतिनील प्रकाश इलेक्ट्रॉनला वर चढवतो. उतरताना थांबायला दोन पायऱ्या आहेत आणि मध्ये एक उंबरठा. ऊब असली की तो उंबरठा ओलांडून खालच्या पायरीवर येतो. तिथून कमी ऊर्जेचा पिवळा प्रकाश निघतो. थंडीत तेवढे बळ नसते. मग वरूनच उडी, आणि जास्त ऊर्जेचा निळा प्रकाश. म्हणजे तार न जोडता, नुसत्या रंगावरून तापमान ओळखता येते.

रंगावरून उष्णता ओळखण्याची अशीच एक युक्ती आपल्या दाराशीही येते. पोलिओच्या डोसाच्या बाटलीवर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. त्याचे रसायन वेगळे, तिथे धातूचे क्लस्टर नसते. शिवाय तो रंग परत फिरत नाही, आणि त्यातच त्याचा फायदा आहे. क्लस्टर फक्त आत्ताचे तापमान सांगते. हा चौकोन मागचेही लक्षात ठेवतो. लस वाटेत तापली असेल, तर नंतर बर्फात ठेवूनही ते लपत नाही.

चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल, तर उष्णतेने लस बिघडलेली नाही. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर ती लस द्यायची नाही. पुढच्या वेळी बाळाला डोस पाजण्याआधी अम्मी-अब्बांनी निःसंकोच म्हणावे, “ताई, बाटलीवरचा चौकोन जरा दाखवता का?”