कुलूप ग्राहकाला की माहितीला?

बँकांची अनेक अ‍ॅप्स ‘रूट’ केलेल्या, म्हणजेच सर्वाधिकार खुले केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या फोनवर पूर्ण ताबा मिळवणारा ग्राहक संशयित का ठरावा, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

बँकांची धास्ती निराधार नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र ओळख असते आणि एकाची खासगी माहिती दुसऱ्याला वाचता येत नाही. चाळ एकच, पण प्रत्येक बिऱ्हाडाचे कुलूप वेगळे, असा हा प्रकार. रूट म्हणजे सर्व कुलपांना लागणारी एकच किल्ली. ती गाफीलपणे एखाद्या लबाड अ‍ॅपच्या हाती गेली, तर खासगी संदेशांपासून साठवलेल्या पासवर्डपर्यंत सारे उघडे पडू शकते.

मात्र, सरसकट बंदी हा उपाय तोकडा आहे. रूट ओळखण्याच्या तपासण्या आणि ते लपवण्याच्या क्लृप्त्या यांचा पाठशिवणीचा खेळ २०१६ मध्ये ‘मॅजिस्क’ आल्यापासून अधिकच रंगला. गूगलची ‘सेफ्टीनेट’ तपासणी जाऊन ‘प्ले इंटिग्रिटी’ आली, तरी तो थांबलेला नाही. जाणकार पळवाट शोधतात. अडतो तो कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनवर नवी प्रणाली बसवणारा प्रामाणिक ग्राहक. उलट, सुरक्षा-दुरुस्त्या थांबलेला, पण मूळ प्रणालीवर चालणारा फोन अनेकदा बिनदिक्कत स्वीकारला जातो.

खरा उपाय माहिती साठवण्याच्या पद्धतीत आहे. पासवर्ड, किल्ल्या यांसारखी संवेदनशील माहिती अ‍ॅपने फोनवर साठवू नये, असे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ च्या निर्देशांत बजावले आहे. जे ठेवणे अपरिहार्य, त्याच्या सांकेतिक किल्ल्या फोनमधील सुरक्षित हार्डवेअरमध्ये ठेवता येतात. तेथून रूटच्या बळावरही त्या सहजी बाहेर काढता येत नाहीत. फोन ताब्यात असताना त्यांचा गैरवापर होऊ शकतो, हे खरे. म्हणूनच मोठ्या व्यवहारांना सर्व्हरवर वेगळी पडताळणी हवी.

वैयक्तिक माहितीच्या रक्षणात हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०२३ च्या कायद्यात आहे. ही जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यांची आहे. रूट केलेल्या फोनची जोखीम ग्राहकाला स्पष्टपणे सांगावी, व्यवहारांवर मर्यादाही घालावी. परंतु त्याला दाराबाहेर ठेवले म्हणजे आपली तिजोरी भक्कम झाली, अशा भ्रमात बँकांनी राहू नये.